नमुना क्रमांक २१७

नागणसूरहून आलेली माती
साखरेच्या जुन्या पिशवीत होती.
तोंड चिंधीनं बांधलेलं, आत चिठ्ठी:
निंगव्वा बिराजदार, गट नंबर ध्यानात नाही,
बांधाला दोन लिंब.

सावलीत वाळवली, ढेकळं लाकडानं फोडली.
चाळणीवर राहिले चुनखडीचे खडे,
गोगलगायीचा एक शंख
आणि ज्वारीचं बोटभर धसकट.
नियमानं ते फेकायचं असतं.
फेकलं.

बाकीचं यंत्रांनी सांगितलं.
सामू आठ पूर्णांक तीन. पालाश भरपूर.
स्फुरद आहे, पण चुन्याच्या मुठीत.
सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक एकोणचाळीस.
नत्र कमी.
कमीपुढं शिक्का मारला
आणि जेवणाचा डबा उघडला.

अहवाल न्यायला ती स्वतः आली, पहिल्या एसटीनं.
"कमी म्हंजे किती कमी?"
मी हेक्टरी किलोत सांगितलं.
ती ऐकत राहिली,
दवाखान्यात पोराचं वजन ऐकावं तशी.
"बारा वर्सं खताचं पोतं आणलं न्हाई रानात.
शेणाच्या गोवऱ्या, गोवऱ्यांची राख,
राखेची चिमूट वाया न्हाई.
समदी रानालाच की."

आता हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.
शेणातलं नत्र चुलीतच जातं, धुरातून.
राखेत उरतो पालाश, उरतो चुना,
आणि ते दोन्ही तुमच्या काळीत
आधीच पायलीनं आहे.

बारा वर्षं,
आणि मी ती एका श्वासात बोलून मोकळी.

खिडकीबाहेर विजापूर रोडवर ट्रक.
तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"धूर वापस येतंय का?"

अहवालात त्याला रकाना नाही.
मी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला
तुरीचं झाड काढलं. वाईटच काढलं.
मुळांवर टिंबं दिली:
इथं जिवाणू राहतात, हवेतलं नत्र धरतात.
जिथं धूर गेला, तिथूनच.
शेण खड्ड्यात टाका, वर पालापाचोळा, पाणी शिंपडत राहा.
मिरगाला बाजरीच्या दोन ओळींमागं एक तुरीची.
"आन् चूल?"
तुराट्या जाळा.
तेव्हा पहिल्यांदा हसली.
"म्हंजी वरनं चुलीला, खालनं रानाला.
शानीच हाय की तूर."

त्या रात्री माझ्या ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी.
कुणाच्या तरी रानातलं नत्र, कुणाचं तरी स्फुरद
मी चावत होते.
सकाळी जुळे सोलापूरच्या नळ्यांतून
ते पुढं कुठं जातं,
सतरा वर्षं या नोकरीत काढून मला माहीत नव्हतं.
आणि पुण्याला लेकीकडं धाडलेलं
दोन किलो चटणीचं पार्सल?
तेही कुठल्या तरी बांधावरून उचललेलंच,
पोच न देता.

तीन वर्षांनी, भाद्रपदात, पुन्हा तशीच पिशवी.
दोन लिंब.
उभ्या पिकात नमुना घेऊ नये, असं पत्रकात छापलंय.
तिनं घेतला होता.
कर्ब शून्य पूर्णांक बेचाळीस.
एवढ्याशा फरकात माझ्या हाताची चूकसुद्धा मावते.
पुन्हा काढला: एक्केचाळीस.
पुन्हा: त्रेचाळीस.
नत्रापुढं जे खरं ते लिहिलं: कमी.

पिशवीच्या तळाशी ओल्या फडक्यात
तुरीचं एक मूळ होतं. चिठ्ठी नव्हती.
नियमानं ते फेकायचं असतं.
मी नखानं एक गाठ फोडली.
आत गुलाबी,
दात पडल्यावर पोरं दाखवतात
त्या हिरडीसारखं.

डब्याची वेळ झाली होती.
हात लगेच धुवावेसे वाटेनात.